एका रात्रीचा रस्ता नको, मातीचं मैदान द्या

‘मुंबईत गाडी चालवायला रस्ता नाही आणि तुम्ही गाडी पळवायला ट्रॅक मागता?’ मोटार शर्यतींचा विषय निघाला की हा सवाल ठरलेला. त्याच्या पाठोपाठ बाकीचेही येतात. हा श्रीमंतांच्या पोरांचा खेळ आहे. ट्रॅक बांधला तर वेगाच्या वेडाला खतपाणीच मिळेल. मुलांना खो-खो खेळायला मैदान उरलं नाही, तिथे गाड्यांना कसलं मैदान? असं विचारणारी माणसं वाईट हेतूनं बोलत नाहीत. मुलुंडमध्ये पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला राहणाऱ्या कुणालाही विचारा. शनिवारी मध्यरात्रीनंतर फाडलेल्या सायलेन्सरचे आवाज सुरू झाले की घरातलं तान्हं मूल दचकून उठतं आणि म्हातारी माणसं अंथरुणात उठून बसतात. मीही याच पट्ट्यात राहतो. तो संताप माझाही आहे. पण त्या संतापातून निघालेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

त्याआधी आमच्याच बाजूच्या लोकांचा एक युक्तिवाद मला बाजूला करायचा आहे. ‘ट्रॅक द्या, म्हणजे पोरं रस्त्यावरून हटतील,’ असं शर्यतीचे चाहते सर्रास सांगतात. हे खरं नाही. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला १९९० पासून कायमचा ट्रॅक आहे, तरीही ईस्ट कोस्ट रोडवर पैज लावून बाइक पळवणारी पोरं तिथल्या पोलिसांना पकडावी लागतातच. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला नुसता वेग नको असतो. त्याला पैजेचे पैसे हवे असतात, मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ हवा असतो, समोरून येणाऱ्या ट्रकला चुकवल्याची फुशारकी हवी असते. यातलं काहीच ट्रॅक देत नाही. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा पकडला गेला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. तो कायदा कडक वापरावा, गाड्या जप्त कराव्यात, माझी काही तक्रार नाही.

मैदान मागताना तो खेळ गुन्हे कमी करतो हे आधी सिद्ध करा, अशी अट आपण दुसऱ्या कुठल्या खेळाला घालतो? आझाद मैदानावर क्रिकेट चालतं ते क्रिकेट आहे म्हणून. मोटार शर्यत हाही खेळ आहे. त्यात कौशल्य आहे, शिस्त आहे, त्यामागे यंत्रशास्त्र आहे, आणि या शहरात तो खेळू शकतील अशी शेकडो मुलं आहेत. तेवढं कारण पुरेसं असायला हवं.

आता आम्ही मागतो काय, ते नीट सांगतो, कारण ‘ट्रॅक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वनचा अवाढव्य डांबरी पसारा येतो. मोटार शर्यतीचं एक अगदी वेगळं रूप अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या छोट्या गावांतून गेली कित्येक दशकं चालत आलं आहे. त्याचं नाव स्प्रिंट कार. चिकणमातीचं लंबवर्तुळ, पाव मैल ते अर्धा मैल घेराचं. गाडी जेमतेम साडेसहाशे किलोची, त्यातही चालकाचं वजन धरलेलं. माथ्यावर मोठा तिरका पंख आणि वरच्या वर्गात सुमारे नऊशे अश्वशक्तीचं इंजिन. वळणावर गाडी आडवी होऊन घसरत जाते आणि चालक ती घसरण सांभाळतच वळण काढतो. आयोवा राज्यातलं नॉक्सव्हिल हे काही हजार वस्तीचं गाव. तिथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर १९६१ पासून ‘नॉक्सव्हिल नॅशनल्स’ भरतात आणि ऑगस्टमध्ये गावच्या लोकसंख्येहून जास्त माणसं तिथे जमतात. हा ट्रॅक आहे त्यांच्या परगण्याच्या जत्रेच्या मैदानावर. तो कुणा धनाढ्याच्या फार्महाउसवर नाही की पंचतारांकित रिसॉर्टला चिकटलेलाही नाही.

जत्रेचं मैदान आणि शर्यत ही जोडी मराठी माणसाला समजावून सांगायला नको. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात गावच्या यात्रेला बैलगाड्यांच्या बाऱ्या होतात. त्यांचा घाट गाव राखतं, यात्रा समिती माती नीट करते, सेकंदांवर निकाल लागतो आणि ‘घाटाचा राजा’ कोण याची चर्चा पुढची यात्रा येईपर्यंत पुरते. या शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. राज्यानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, धाव हजार मीटरच्या आत, बैलांची तपासणी, चाबूक आणि बॅटरीला मनाई अशी चौकट आखली गेली. बैलांना होणाऱ्या त्रासाबद्दल ज्यांचा या शर्यतीला विरोध आहे, त्यांची बाजू मला हलकी वाटत नाही. पण इथे मुद्दा वेगळा आहे. एका खेळाला जागा, मर्यादा आणि नियम आखून द्यायची इच्छा झाली तेव्हा या राज्यानं विधिमंडळापासून घटनापीठापर्यंत लढा दिला. मोटारीच्या खेळात तर मुक्या जनावराचा प्रश्नच नाही. शिवाय कलम १८९ सार्वजनिक जागेवरची शर्यत गुन्हा ठरवतं ती ‘राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय’ असेल तर. म्हणजे रस्त्यावरसुद्धा संमती देण्याचा अधिकार कायद्यानं राज्याकडेच ठेवला आहे. खासगी, कुंपण घातलेल्या मैदानाचा मार्ग तर त्याहून मोकळा.

‘श्रीमंतांचा खेळ’ हा आरोप सगळ्यात जास्त चिकटतो, कारण तो अर्धा खरा आहे. लहान वयात कार्टिंग, मग युरोपातली फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू, ही शिडी चढायला कोट्यवधी रुपये लागतात हे कुणी नाकारणार नाही. पण ती शिडी म्हणजे सगळा खेळ नव्हे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन बसवून एका आसनाची शर्यतीची गाडी तयार केली. फॉर्म्युला मारुती म्हणून ती ओळखली गेली. देशात सहज मिळणारं इंजिन, देशातच जोडलेली चौकट, आणि कुठल्याही कसलेल्या मेकॅनिकला उघडता-जोडता येईल अशी रचना. या गाडीनं भारतात शर्यतीचा दरवाजा किलकिला केला. करिवर्धन १९९५ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात गेले. त्यांच्या नावाचा ‘करी मोटर स्पीडवे’ कोइमतूरजवळ आज उभा आहे, जेमतेम दोन किलोमीटरचा.

आणि त्या कोइमतूरच्या ट्रॅकवर ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेसाठी कोण जातं, तर आपली उपनगरातली मुलं. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ हा संघ आहे. विलेपार्ल्याच्या द्वारकादास सांघवी महाविद्यालयाचा ‘डीजेएस रेसिंग’ आहे. पवईचा ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ विजेवर चालणारी गाडी घेऊन थेट सिल्व्हरस्टोनच्या विद्यार्थी स्पर्धेपर्यंत पोचला आहे. ही मुलं चेसिसच्या नळ्या स्वतः कापतात, वेल्डिंग करून घेतात, बॅटरी पॅक जोडतात, प्रायोजकांच्या दारात उभी राहून पैसे गोळा करतात आणि वर्षभर रात्री जागतात. त्यांतली बहुतेक पगारदारांची, दुकानदारांची, रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्यांचीही मुलं. त्यांनी बनवलेली गाडी त्यांना स्वतःच्या शहरात पूर्ण वेगानं चालवून पाहता येत नाही. सस्पेन्शन बदललं तर ते वळणावर काय करतं, ब्रेक तापल्यावर पकड किती उरते, हे महाविद्यालयाच्या आवारातल्या गुळगुळीत फरसबंदीवर कळत नाही. एक हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून ज्या ट्रॅकवर पोचायचं, तिथेच पहिल्यांदा कळतं. या मुलांना ‘श्रीमंतांची पोरं’ म्हणणाऱ्यांनी विद्याविहारच्या त्या वर्कशॉपमध्ये परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदा डोकावून यावं.

यांच्याशिवाय या उपनगरांत दुसरी एक शाळा आहे, तिचं नाव कुठल्याच यादीत नसतं. कुर्ला आणि कलिन्याच्या मधल्या सीएसटी रोडवरची सुट्या भागांची दुकानं, साकीनाका-असल्फ्यातली गॅरेजं, एलबीएस मार्गाच्या गल्ल्यांतले लेथवाले. जुन्या दोन-स्ट्रोक यामाहाचं पोर्टिंग करणारे, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणारे, नुसत्या कानानं कार्बचं सेटिंग ओळखणारे हात इथे आहेत. आज त्या हातांकडे येणारं गिऱ्हाईक रात्री हायवेवर पळणारं असतं, कारण दुसरं गिऱ्हाईकच नाही. अमेरिकेतला मातीचा ट्रॅक गॅरेजवाल्यांनी उभा केला आणि अजून तेच तो चालवतात. आपल्याकडे गॅरेजवाले आहेत, कौशल्य आहे, फक्त दिवसाउजेडी ते दाखवायची जागा नाही. त्यामुळे त्यांची कारागिरी चोरासारखी रात्री बाहेर पडते, आणि मग आपण त्या सगळ्या गल्लीलाच गुन्हेगार ठरवतो.

महाराष्ट्रात गुणवत्ता नाही असं तर कुणी म्हणूच शकत नाही. पुण्याच्या डायना पंडोल २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंग अजिंक्यपदाच्या सलून गटात विजेत्या ठरल्या. पुरुषांबरोबर शर्यत करून असं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. शाळेत शिकवण्याचं काम केलेली, दोन मुलांची आई असलेली ही बाई जिंकली ती चेन्नईच्या ट्रॅकवर. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमधल्या शर्यती जिंकला, त्याही परदेशात. ‘मुंबई फाल्कन्स’ नावाचा संघ आहे. आज फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीज चालवणारा इटलीचा किमी अँटोनेल्ली २०२३ मध्ये याच संघाकडून फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्ट मालिकेचा विजेता झाला, आखाती देशांतल्या ट्रॅकवर. ज्या शहराचं नाव त्या गाडीवर होतं, तिथे ती उतरवायला जागा नव्हती. राज्यात अपवाद कोल्हापूरचा. मोहिते कुटुंबानं स्वतःच्या जिद्दीवर तिथे कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, राष्ट्रीय फेऱ्या भरवल्या. तालमी आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या त्या गावानं हेही करून दाखवलं. एका कुटुंबानं कोल्हापुरात जे केलं, ते देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेच्या परिसरात का होऊ नये?

इथे उत्तर मिळतं की सरकार काहीतरी करतंच आहे. २०२५ मध्ये नवी मुंबईच्या रस्त्यांवर शर्यत घ्यायची घोषणा झाली. माझा ठाम विरोध आहे तो या प्रकारच्या उत्साहाला. रस्ते बंद करून, कठडे उभारून, दिव्यांचा लखलखाट करून दोन-तीन दिवस गाड्या पळवायच्या आणि मग सगळं उचलून न्यायचं, यातून खेळ रुजत नाही. हैदराबादनं ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई भरवली. वर्षअखेरीस सरकार बदललं, पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली आणि मागे उरली ती पैशांच्या व्यवहाराची चौकशी. चेन्नईनं ऑगस्ट २०२४ च्या शेवटी रात्रीची शर्यत घेतली, तेव्हाही सरकारी पैशावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. २०११, २०१२, २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला, करांचे वाद पेटले आणि सर्कस निघून गेली. पाच किलोमीटरहून लांब तो ट्रॅक आज शेजारच्या गावातल्या एखाद्या पोराला रविवारी स्वतःची गाडी घेऊन येण्यासाठी नाही. ट्रॅकविरोधकांनी या तिन्ही उदाहरणांवर बोट ठेवलं तर मी त्यांच्याच बाजूनं उभा राहीन. मात्र ही उदाहरणं भव्य सोहळ्याच्या विरोधात जातात. छोट्या, कायमच्या, क्लबनं चालवलेल्या मैदानाला ती लागू होत नाहीत. इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या मालकीचा आहे, म्हणूनच सरकारं आली-गेली तरी तो तीन दशकांहून जास्त टिकला.

जागेचा प्रश्न मी टाळणार नाही. पाव मैलाचं लंबवर्तुळ म्हणजे सुमारे चारशे मीटर. शाळा-कॉलेजांच्या क्रीडा स्पर्धांची ४०० मीटरची धावपट्टी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, ती साधारण चार एकरांत बसते. भोवती कठडा, जाळी, गाड्या उभ्या करायची जागा, रुग्णवाहिका, बसायला पायऱ्या असं सगळं धरलं तरी आठ-दहा एकरांत काम होतं. महालक्ष्मी रेसकोर्सचे १२० एकर उद्यानाला द्यायचं ठरल्यावरही घोड्यांसाठी सुमारे ९१ एकर राहतात. आम्ही त्याचा नववा-दहावा हिस्सा मागतो आहोत.

तेवढी जमीनसुद्धा आरेमध्ये नको. आरेतलं एकही झाड या खेळासाठी पडता कामा नये. मिठागरं नकोत, कांदळवनाच्या जवळपासही नको. मुलुंडचं बंद केलेलं डम्पिंग ग्राउंड किंवा बोरिवलीतली गोराईची कचराभूमी अशी नावं काही जण सुचवतात, पण पोटात कचरा असलेली जमीन वर्षानुवर्षं खचत राहते आणि तिच्यावर वेगाची शर्यत घेणं धोक्याचं. खो-खोच्या मैदानावर तर आमचा डोळा अजिबात नाही. ज्यांना मैदानांची खरी काळजी आहे त्यांनी उपनगरातली आरक्षणं कुणी आणि कशासाठी उठवली ते विचारावं, शर्यतवाल्यांनी आजवर एक इंचही घेतलेला नाही. माझं बोट आहे ऐरोली पुलापलीकडे. पारसिकच्या डोंगरात दगडखाणींनी वर्षानुवर्षं पाडलेले खड्डे आहेत. डोंगर एकदा कापला गेला, तो आता परत येत नाही. तीन बाजूंनी उभे कडे, मध्ये सपाट तळ. आवाज अडवायला कडे आयते, वस्ती खालच्या बाजूला. मुलुंडहून पूल ओलांडला की आलं, घाटकोपर-विक्रोळीकरांना जवळ, अंधेरी-बोरिवलीच्या पोरांना जोडरस्त्यानं तासा-दीड तासात. कड्याचे सैल दगड आधी तज्ज्ञांकडून तपासून, जाळी ठोकून घ्यावे लागतील. तो खर्च फॉर्म्युला ईच्या एका शर्यतीपुढे किरकोळ आहे.

शहर वाढलं की असे ट्रॅक मरतात, मग बांधायचे कशाला, असंही कुणी म्हणेल. कॅलिफोर्नियातला प्रसिद्ध ॲस्कॉट पार्क १९९० मध्ये बंद झाला, हे खरं आहे. पण सिडनीत काय झालं तेही पाहा. ग्रॅनव्हिलचा स्पीडवे ज्या जमिनीवर होता ती मेट्रोच्या कारशेडसाठी हवी होती. कारशेडवरून शहर कसं दुभंगतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तिथल्या सरकारनं जमीन घेतली आणि स्प्रिंट कारवाल्यांना ईस्टर्न क्रीक इथे सरकारी खर्चानं नवा मातीचा ट्रॅक बांधून दिला. २०२२ मध्ये तो सुरूही झाला. खेळालाही पुनर्वसनाचा हक्क असतो, हे एका महानगरानं मान्य केलं.

आवाज आणि धूळ हे आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. हिवाळ्यातली मुंबईची हवा आपण सगळे छातीत भरून घेतो आहोत. मातीचा ट्रॅक कोरडा ठेवून चालतच नाही, शर्यतीआधी त्यावर पाणी मारून, रोलर फिरवून माती बसवावी लागते, नाहीतर चाकाला पकड मिळत नाही. त्यासाठी सांडपाणी प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी वापरण्याची अट परवान्यातच घालावी. रात्रीच्या शर्यती नकोत, सगळं सूर्यास्ताच्या आत. सायलेन्सरची तपासणी गेटवरच व्हावी, ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे मोजमाप लावून, आणि हंगामातल्या शर्यतींची संख्या बांधलेली असावी. पावसाचे चार महिने मैदान बंद राहील. नॉक्सव्हिलही हिवाळ्यात बर्फाखाली असतं, म्हणून तिथला खेळ संपला नाही.

मृत्यूबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्याच ट्रॅकवर बंगळुरूचा तेरा वर्षांचा दुचाकीस्वार गेला. नियमांनी बांधलेल्या ट्रॅकवरही माणसं मरतात, अगदी मुलंसुद्धा, आणि जो हे लपवतो त्याला ट्रॅक मागायचा अधिकार नाही. म्हणून लहान मुलांना इथे कमी ताकदीच्या कार्टपलीकडे काही देऊ नये. पूर्ण पिंजरा, पाच-सहा पट्ट्यांचा बेल्ट, मानेचा आधार यांशिवाय कुणाला गाडीत बसू देऊ नये. गाडी बंद पडली तर चालकानं खाली उतरू नये, हा नियम तर अमेरिकेत २०१४ मध्ये ट्रॅकवर उतरलेल्या एका तरुण चालकाचा दुसऱ्या गाडीखाली जीव गेल्यावर पुन्हा बजावावा लागला. ही किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याकडून शिकून आपल्याला सुरुवातीलाच तो नियम करता येईल.

तेव्हा मागणी अशी. सिडको आणि नवी मुंबई महापालिकेनं पारसिकमधली एक बंद खाण निवडून तिची भूगर्भीय तपासणी करावी आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवावा. जमीन विकू नये, एका नोंदणीकृत क्लबला ठरावीक वर्षांच्या भाड्यानं द्यावी. क्लबच्या कार्यकारिणीत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ, गॅरेजवाले आणि शेजारच्या वस्तीतले रहिवासी यांना जागा असावी. परवाना राष्ट्रीय मोटार क्रीडा महासंघाच्या सुरक्षा नियमांना बांधलेला असावा. आणि पहिल्या दोन हंगामांत उपनगरातल्या महाविद्यालयांच्या संघांना आठवड्यातला एक दिवस चाचणीसाठी विनाशुल्क मिळावा. ओरायनची किंवा डीजेएसची गाडी जानेवारीत कोइमतूरला निघेल तेव्हा तिनं ऐरोलीपलीकडच्या मातीवर आधीच काहीशे फेऱ्या मारलेल्या असतील.